यू नसलेला क्यू

स्क्रॅबलच्या पिशवीत शंभर टाइल असतात. त्यांत क्यू एकच, तोही दहा गुणांचा, आणि यू चार. क्यूच्या मागे यू हवाच, हे शाळेतच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे हातात क्यू आला की नवखा खेळाडू यूची वाट बघत डाव घालवतो. मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना हा खेळ शिकवते, तेव्हा सुरुवात यू नसलेल्या क्यूपासूनच करते.

मुळात ती जोडी इंग्रजांची नाहीच. राणीसाठीचा शब्द पूर्वी ते सी आणि डब्ल्यूने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या कारकुनांनी फ्रेंच वळणाचं क्यू-यू रुजवलं. यू नसलेले शब्द पुढे बाहेरून आले. अरबीत घशातून, पडजिभेपाशी उच्चारायचं 'काफ' हे अक्षर आहे. ते रोमन लिपीत आणताना अभ्यासकांनी एकटा क्यू वापरला. म्हणून तर कोशात फकीर, काझी, निकाब, तलाक, कव्वाली भेटतात. आपल्या मुलांना हे शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत, फक्त क्यू कुठे बसतो ते दाखवायचं.

दोन अक्षरी 'ची' सगळ्यांत कामाचा. क्यू आणि आय, बस. चिनी विचारातली प्राणशक्ती. 1958 साली चीनने स्वीकारलेल्या पिनयिन लिपीत क्यूचा उच्चार 'च'च्या जवळचा आहे, म्हणून तो 'की' नव्हे. 'कात' म्हणजे येमेनमध्ये दुपारी गालात धरून चघळतात तो पाला. 'किंदारका' हे अल्बानियाच्या लेक या चलनाचे सुटे पैसे, शंभरांचा एक लेक.

माझा सगळ्यांत लाडका शब्द मात्र 'कनात'. तंबूची कनात नव्हे, इराणातली पाण्याची वाट. डोंगराच्या पायथ्याशी भूजल लागेपर्यंत विहीर खणायची, तिला म्हणायचं मातृविहीर. तिथून गावापर्यंत जमिनीखालून अगदी हलक्या उताराचा बोगदा न्यायचा. उतार जास्त झाला तर पाणी बोगदाच खाऊन टाकतं. वाटेत ठरावीक अंतरावर उभी भोकं, माती काढायला आणि हवा यायला. पंप नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येतं आणि जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने आटत नाही. 2016 मध्ये युनेस्कोने अशा अकरा कनाती जागतिक वारसा यादीत घेतल्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालच्या नहरींतून पाणी आणलं ते याच विद्येने. एवढं सगळं पाच अक्षरांत सामावलेलं असताना नुसते गुण मोजून पुढे जाणं मला पटत नाही.

पण स्पर्धेची तयारी करणारे पुष्कळ जण तेच करतात. याद्या पाठ, अर्थ कोरा. त्यांच्या पाठांतराबद्दल मला आदर आहे, तरी आमच्याकडे नियम वेगळा: ज्याने शब्द लावला त्याने अर्थ सांगायचा, नाहीतर गुण निम्मे. परवा नववीतल्या एका मुलीने 'उमियाक' लावला. इन्युइट लोकांची उघडी होडी, लाकडी सांगाड्यावर वॉलरसचं किंवा सीलचं कातडं ताणून केलेली. तिने सांगाडा हाताने हवेत काढून दाखवला. मग कातडं शिवलं तर शिवणीतून पाणी कसं येत नाही, यावर अर्धा तास वाद चालला आणि डाव तसाच राहिला.