कोकराचे जावळ आणि बाळाचे जोडे

दख्खनच्या पठारावरील मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगरांनी मेंढ्या राखाव्यात, लोकर कातरावी, घरच्या स्त्रियांनी सूत काढावे आणि सणगर कारागिरांनी त्या सुतास चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणावी, अशी ह्या धंद्याची पिढ्यान्‌पिढ्यांची घडी होती. पुढे गिरणीची ब्लँकेटे व प्लास्टिकची इरली स्वस्त झाली. मांसास भाव आल्यामुळे माडग्याळसारख्या अल्प लोकरीच्या मेंढीकडे मेंढपाळांचा ओढा वाढला. आज अनेक ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही व कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते.

परंतु सर्वच लोकर एका मोलाची नसते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीस जावळ म्हणतात. बालकाच्या जन्मजात केसांना आपल्या भाषेत जो शब्द आहे, तोच हा शब्द होय. जावळ मोठ्या मेंढीच्या लोकरीहून मऊ असल्याने जावळाच्या घोंगडीस जाणते गिऱ्हाईक अधिक दाम मोजते. हेच जावळ तान्ह्या मुलांच्या जोड्यांसाठीही उपयोगी पडते.

हे जोडे विणावे लागत नाहीत, शिवावेही लागत नाहीत. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात. कोमट पाणी, साबण व चोळणे ह्यांच्या योगाने तंतू परस्परांत गुंततात आणि एकजीव कापड तयार होते. नमदा व बुरणूस ह्याच रीतीने होतात. अशा जोड्यास आतून शिवण नसल्याने बाळाच्या बोटांस काही रुतत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओलसर लागत नाही; त्यामुळे थंडीत पाय उबदार व कोरडे राहतात.

कृती अशी : जावळातील काडीकचरा, कुसळे व राठ केस वेचून काढावेत. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर न चोळता बुचकळून धुवावी व सावलीत वाळवावी. नंतर तारांच्या फणीने विंचरून तिचे पातळ पापुद्रे करावेत. तळव्याच्या मापाच्या सुमारे दीडपट मोठा प्लास्टिकचा साचा कापावा, कारण लोकर पुढे आटते. साच्याच्या दोन्ही अंगांस पापुद्र्यांचे आडवे-उभे थर द्यावेत. कडा साच्यावर दुमडून घ्याव्यात. साबणाचे कोमट पाणी शिंपडून प्रथम हलक्या हाताने, मग जोराने चोळावे. थर घट्ट बसले की पायाच्या तोंडापाशी कापून साचा काढावा, जोडा चटईत गुंडाळून लाटावा आणि मापास येताच स्वच्छ पाण्यात धुऊन, आकार देऊन, सावलीत वाळवावा. काळी, तपकिरी व पांढरी लोकर निरनिराळी ठेवल्यास रंगाची गरजच पडत नाही.

ह्यात एक दक्षता अत्यावश्यक आहे. ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेस टोचतात, आणि दख्खनी जावळातही असे तंतू सापडतात. म्हणून तयार जोडा प्रथम मनगटाच्या आतील बाजूस घासून पाहावा. किंचितही टोचल्यास आतून मलमलीचे अस्तर द्यावे. मणी, गुंड्या व लांब नाड्या लावू नयेत. त्या बाळाच्या तोंडात वा गळ्यात जाण्याचा धोका असतो. मूल चालू लागले की तळाशी मऊ चामड्याचा तुकडा शिवावा, म्हणजे फरशीवर पाय घसरणार नाही. हे जोडे नेहमी थंड पाण्यात धुवावेत, पिळू नयेत. गरम पाण्याने ते आटतात.

एवढ्याने साऱ्या कळपाच्या लोकरीचा प्रश्न सुटेल असे नाही. परंतु एका जोडास ३० ते ४० ग्रॅम लोकर पुरते, आणि त्यात मोल येते ते कारागिराच्या हाताचे. हे मोल टिकवणे वा गमावणे मात्र कातरणीच्या दिवशीच ठरते. जावळ एकदा मोठ्या मेंढ्यांच्या लोकरीत मिसळले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. म्हणून मेंढपाळ बंधूंनी कोकरांची कातरणी निराळी करावी, जमिनीवर स्वच्छ पोते अंथरावे, रंगाप्रमाणे लोकर वेगवेगळ्या पिशव्यांत भरावी आणि कसर लागू नये म्हणून त्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. ह्यास खर्च नाही; केवळ दोन पिशव्या अधिक व थोडे लक्ष लागते.