दोन रात्रींचे पाहुणे

१९८५च्या एप्रिलात चीनच्या हेबेई प्रांतातून काही अधिकारी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आले. अभ्यासाचा विषय पशुखाद्य, म्हणजे मका, पेंड आणि डुकरांचा चारा. मिसिसिपी नदीकाठच्या मस्कटीन गावात त्यांच्या म्होरक्याला एका कुटुंबानं आपल्या घरी उतरवून घेतलं. पोरं शिकायला परगावी गेलेली, त्यामुळे त्यांची खोली मोकळीच होती. भिंतीवर फुटबॉलच्या चित्रांचा कागद, फळीवर ‘स्टार ट्रेक’ची खेळणी. एकतीस वर्षांचा तो पाहुणा दोन रात्री तिथं झोपला आणि मंडळींचा निरोप घेऊन पुढं गेला. यजमानीणबाईंनी चादरी धुवायला टाकल्या असतील, आणखी काय?

पाहुण्याचं नाव शी जिनपिंग.

२०१२च्या फेब्रुवारीत, चीनचे उपाध्यक्ष झाल्यावर, ते वाट वाकडी करून पुन्हा मस्कटीनला आले आणि जुन्या मंडळींबरोबर चहा पिऊन गेले. ते ज्या घरात झोपले ते घर पुढं एका चिनी व्यावसायिकानं विकत घेतलं. तिथं आता मैत्रीचं संग्रहालय आहे. १९८५ साली आयोवाचे गव्हर्नर होते टेरी ब्रॅन्स्टॅड. मधे काही वर्षं घरी बसून ते परत निवडून आले, त्यामुळे २०१२ सालीही खुर्चीवर तेच होते. २०१७ साली अमेरिकेनं चीनमध्ये राजदूत म्हणून पाठवलं तेही यांनाच. पोरांची एक मोकळी खोली कुणाला इतकी लाभल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

म्हणून दोन्ही देशांतलं भांडण मिटलं का? छे! पाहुणचारानं भांडणं मिटतात असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्याकडचं एखादं लग्नघर जवळून पाहावं. पण भांडणाऱ्या दोन घरांत चहाला जाण्याइतकी एक तरी ओळख उरते, हेही काही थोडकं नाही.

सोलापूरचा पाहुणा

हेबेई हे नाव मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनमध्ये मदतीला गेले. त्यांतले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस याच भागात काम करत राहिले. गेले पाहुणे म्हणून, झाले घरचे. १९४१ साली त्यांनी क्वो चिंग्लान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. हेबेईची राजधानी शिचियाचुआंगमध्ये त्यांचं स्मारक आहे. चिनी नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना भेटण्याचा रिवाज पाळत आले. २०१४ साली दिल्लीत शी जिनपिंग यांनीही डॉक्टरांच्या बहिणीची भेट घेतली. आणि शी ज्या जंग्डिंग तालुक्यातून मक्याचा अभ्यास करायला निघाले होते, तो याच शिचियाचुआंगला लागून आहे.

अर्ज करू नये

परदेशी माणसाला घरी जेवायला बोलावण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. आपण नागरी मुत्सद्देगिरी म्हणू. अमेरिकेत त्याची सरकारी गंगोत्री १९४० सालची. सरकारच्या वतीनं नेल्सन रॉकफेलर यांनी लॅटिन अमेरिकेतल्या १३० पत्रकारांना देश बघायला बोलावलं. हेतू साधासुधा नव्हता. युरोपात युद्ध पेटलेलं, दक्षिणेकडचे शेजारी जर्मनीकडे झुकू नयेत ही काळजी. पुढं शीतयुद्ध आलं आणि सरकारला हा खर्च आणखीच परवडू लागला.

त्यातूनच ‘इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम’ उभा राहिला. त्याची गंमत म्हणजे त्यासाठी अर्जच करता येत नाही. स्थळ सांगून येतं तसं. अमेरिकी वकिलात आपणहून माणूस हेरते, नाव सुचवते आणि मग आमंत्रण येतं. पाहुण्याला वॉशिंग्टन दाखवतात आणि मग देशभरच्या लहानमोठ्या गावांत फिरवतात. तिथं विमानतळावर न्यायला येणारे, गाडी चालवणारे, शाळा आणि शेतं दाखवणारे आणि रात्री घरी जेवू घालणारे लोक स्वयंसेवक असतात. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी दंतवैद्य. गावोगावच्या अशा मंडळांनी १९६१ साली आपली एक मध्यवर्ती संस्था काढली. २०१४पासून तिचं नाव ‘ग्लोबल टाइज यू. एस.’ आहे.

वकिलातींची नजर मात्र मानली पाहिजे. १९६७ साली लंडनच्या वकिलातीनं विरोधी बाकांवरच्या एका खासदार बाईंना सहा आठवडे अमेरिका हिंडवून आणलं. बाईंचं नाव मार्गारेट थॅचर. पंतप्रधान व्हायला त्यांना अजून बारा वर्षं होती. अन्वर सादात, टोनी ब्लेअर, निकोला सार्कोझी हे सगळे असेच मोठे व्हायच्या आधी फिरून आले. आपल्याकडच्या यादीत इंदिरा गांधी, अटलबिहारी वाजपेयी आणि जळगावच्या प्रतिभाताई पाटील आहेत. पुढं राष्ट्रप्रमुख किंवा सरकारप्रमुख झालेल्यांची संख्या पाचशेच्या वर जाते. आपल्या एखाद्या वधूवरसूचक मंडळाला हा हिशेब दाखवला तर ते धंदा बंद करतील.

अक्कल जाई

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण कुणीतरी डेन्मार्कला पोचवलेली दिसते. तिथं १९४९ साली बॉब लुइटवायलर या अमेरिकी शांततावादी तरुणानं आणि त्याच्या मित्रांनी ‘सर्व्हास’ ही चळवळ सुरू केली. एस्परान्तो भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सेवा करतो’. सभासदाची आधी मुलाखत होते आणि मग त्याला ओळखपत्र मिळतं. ते दाखवून तो जगभरच्या सभासदांच्या घरी उतरू शकतो. पैशांची देवघेव नाही. आणि मुक्कामाची रीत? दोन रात्री. तिसऱ्या रात्री राहायचं तर यजमानानं आपणहून म्हणायला हवं. यजमान पुण्याचा असेल तर पाहुण्यानं पिशवी भरूनच ठेवावी.

रुग्णवाहिकेतून वर्गात

शाळकरी मुलांना वर्षभर परदेशी कुटुंबात ठेवणारी ‘एएफएस’ ही संस्था मुळात शिक्षणाची नव्हेच. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणारे अमेरिकी स्वयंसेवक म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी गाड्या हाकल्या. युद्ध संपल्यावर या ड्रायव्हर मंडळींनी ठरवलं, की मेलेली पोरं उचलण्यापेक्षा जिवंत पोरांची ने-आण करू. १९४७ साली दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकी घरांत राहायला आली. या सगळ्या यादीत मला सर्वांत पटलेला धंदेबदल हाच.

विक्रोळीच्या लिलियनबाई

आता आपल्या घरची गोष्ट. १९६६ साली अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ची एक स्वयंसेविका मुंबईच्या विक्रोळीत राहायला आली. पीस कोअर म्हणजे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरापोरींचा कारखाना. या बाईंचं वय होतं ६८. जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावच्या, पेशानं परिचारिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गोदरेज वसाहतीत त्यांनी आधी कुटुंबनियोजनाचं आणि मग दवाखान्यातलं काम केलं. एकवीस महिने राहिल्या. जन्मतारीख १५ ऑगस्ट, त्यामुळे वाढदिवसाला इथं झेंडावंदन आपोआप व्हायचं. सत्तरावा वाढदिवस करून त्या घरी परतल्या.

थोरला मुलगा भुईमुगाची शेती बघायचा आणि राजकारणही करायचा. जिमी कार्टर. १९७७ साली तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि लिलियनबाईंनी विक्रोळीहून घरी लिहिलेली पत्रं त्याच वर्षी पुस्तकरूपानं निघाली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा अंत्यसंस्काराला अमेरिकेच्या वतीनं लिलियनबाईच भारतात आल्या. सहसा अशा वेळी उपराष्ट्राध्यक्षाला धाडतात. इथं विक्रोळीचा दाखला जास्त वजनदार ठरला.

३ जानेवारी १९७८ रोजी कार्टर स्वतः हरियाणातल्या दौलतपूर नसीराबाद या खेड्यात गेले. गावकऱ्यांनी गावाचं नावच बदलून टाकलं. आजही ते कार्टरपुरी आहे. एका सकाळच्या भेटीवर आख्खं गाव नावावर करून द्यायचं म्हणजे आग्रहाची कमालच! आपल्याकडं फार तर अजून एक पुरणपोळी वाढतात. (लिलियनबाई या गावात राहिल्या होत्या असं तिकडं सांगतात. पण त्यांची नेमणूक विक्रोळीची, हे मुंबईकरांनी ठणकावून सांगायला हरकत नाही.)

आणि २००६ साली ब्याऐंशी वर्षांचे कार्टर लोणावळ्याजवळच्या मळवलीत हातात हातोडा घेऊन उभे होते. ‘हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी’च्या स्वयंसेवकांनी तिथं शंभर घरं बांधली. मदतीला ब्रॅड पिट आणि क्रिकेटवाला स्टीव्ह वॉ. ब्रॅड पिटनं मळवलीत विटा रचल्या हे आज कुणाला सांगितलं तर थट्टाच वाटते.

याच कार्टरांनी १ मार्च १९७७ रोजी ‘फ्रेंडशिप फोर्स’ची घोषणा केली. कल्पना वेन स्मिथ नावाच्या एका पाद्र्याची. त्याच जुलैत पहिली फेरी झाली. अमेरिकेतल्या अटलांटाचे लोक इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या घरांत आणि न्यूकॅसलचे अटलांटाच्या घरांत. दोन महिने आधी कार्टर न्यूकॅसलला गेले होते, तेव्हा त्यांनी भाषणाची सुरुवात ‘हावे द लॅड्स’ या तिथल्या फुटबॉलच्या आरोळीनं केली. गर्दी वेडी झाली. परक्यानं आपल्या बोलीतला एक शब्द नीट उच्चारला, की माणूस त्याला पुढची दहा वाक्यं माफ करतो.

पासपोर्टवाल्या बाहुल्या, विमानातली डुकरं

पाहुणा माणूसच हवा असं नाही. १९२७ साली अमेरिकी मुलांनी जपानी शाळांना १२,७३९ बाहुल्या पाठवल्या. प्रत्येकीजवळ स्वतःचा पासपोर्ट. जपाननं उलट ५८ मोठ्या, किमोनो नेसलेल्या बाहुल्या पाठवल्या. महायुद्धात ‘शत्रूच्या’ बाहुल्या जाळायचे हुकूम निघाले, तरी काही शिक्षकांनी त्या लपवून ठेवल्या. तीनशेच्या आसपास अजून शिल्लक आहेत.

१९५९ साली वादळांनी जपानच्या यामानाशी प्रांतातली शेती उद्ध्वस्त केली. तेव्हा १९६०च्या जानेवारीत आयोवाच्या शेतकऱ्यांनी पस्तीसेक डुकरं विमानात घालून पाठवली. खायला मका वेगळा, जहाजानं. हो, पुन्हा आयोवाच. त्या डुकरांच्या पायगुणानं आयोवा आणि यामानाशी यांचं कायमचं भगिनीनातं जुळलं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या ८३० बायकांनी युद्धात होरपळलेल्या स्टालिनग्राडसाठी एक टेबलक्लॉथ भरला. प्रत्येकीनं आपलं नाव टाक्यांनी काढलं आणि सोबत सहा पेन्स दिले. १९४४ साली दोन्ही शहरं जोडली गेली.

आणि स्कॉटलंडमधलं ‘डल’ हे खेडं २०१२ साली अमेरिकेतल्या ‘बोअरिंग’ या गावाशी जोडलं गेलं. पुढं ऑस्ट्रेलियातलं ‘ब्लँड’ही त्यांना येऊन मिळालं. मंद, कंटाळवाणं आणि बेचव. यांच्या संयुक्त सभेचं इतिवृत्त वाचायला मिळालं तर मी पैसे मोजेन.

भगिनीशहरांचं एरवी मला फारसं कौतुक नाही. करार होतो, शाली पडतात, नगरसेवकांचा दौरा होतो आणि पाटी धूळ खात राहते. कुणी कुणाच्या घरी जेवलेलंच नसतं. पण मुंबई आणि योकोहामा ही जोडी वेगळी आहे. करार १९६५चा असला तरी नातं त्याहून जुनं. १९२३च्या भूकंपात योकोहामा कोसळलं, तेव्हा तिथल्या जपानी लोकांनी बेघर भारतीय व्यापाऱ्यांना सावरलं. त्याची फेड म्हणून भारतीयांनी १९३९ साली समुद्राकाठच्या यामाशिता बागेत घुमटाची एक पाणपोई बांधून दिली. ती अजून उभी आहे. उपकार फेडायला पाणपोई बांधणं, यापेक्षा देशी काही सुचलं नसतं.

उलट दिशेची भेट पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली दहाएक एकरांची जपानी बाग. नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. त्याच बागेचं दुसरं नाव पु. ल. देशपांडे उद्यान. ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान फिरवून आणलेल्या माणसाचंच नाव जपानी बागेला मिळालं, ही महापालिकेच्या हातून झालेली दुर्मीळ अचूक गोष्ट. परदेशी पाहुणे आले तर त्यांना शनिवारवाड्यानंतर इथं आणा. रिक्षावाल्याला ‘पु. ल. गार्डन’ एवढंच सांगा. तो मीटर टाकेल की नाही, ते मात्र पाहुण्यांसमोर विचारू नका.