मुंबईच्या मुक्कामाचे गणित : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

आज ज्यांना आपण नांदेड आणि लातूर जिल्हे म्हणतो तो सारा मुलुख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात सामील होईपर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. त्यामुळे दावा लढवायचा असो, दुखणे दाखवायचे असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, येथील माणसाची पावले पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादकडेच वळत आली, आणि मुंबई ही राजधानी होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तिच्याविषयीची आपली माहिती बहुतांशी ऐकीवच राहिली. मंत्रालयात अर्ज घेऊन जाऊन आलेला शेजारी, नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेला भाचा आणि पडद्यावरचे चित्रपट या तिघांच्या साक्षीवर मुलाबाळांसह चार दिवसांच्या सहलीचा बेत ठरतो, आणि मग तो फसला की दोष मुंबईच्या महागाईला दिला जातो. वास्तविक मुंबईचा मुक्काम सुखाचा होणे न होणे हे खिशातील रकमेपेक्षा ऋतू, तिथी, वार आणि घड्याळ या चार गोष्टींवर अधिक अवलंबून असते. रूढ समजुतींपैकी काही प्रमुख येथे तपासून पाहू.

गैरसमज पहिला : समुद्रकाठचे शहर असल्याने उन्हाळ्यात मुंबई गार असते

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या आसपास घुटमळत असताना मुंबईचा पारा बहुधा ३३-३४ अंशांवरच थांबतो, एवढे दोन आकडे शेजारी ठेवून ही समजूत तयार झालेली आहे; आणि शाळांची सुटीही नेमकी त्याच महिन्यात येत असल्याने ती दरवर्षी नव्याने पक्की होते. परंतु शरीराला गारवा वाटतो तो घाम येण्यामुळे नव्हे, तर आलेला घाम वाळण्यामुळे, आणि मुंबईची हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की घाम वाळण्याचे नाव घेत नाही. आपल्याकडे वाळ्याचे ताटे लावलेला कूलर भर दुपारी खोली थंड करून टाकतो, कारण कोरडी हवा त्या ताट्यांतील पाणी झपाट्याने शोषून घेते. तोच कूलर दादरच्या एखाद्या खोलीत लावला तर तो थंडावा न देता दमटपणातच भर घालील. शिवाय मराठवाड्यात सूर्य कलला की जमीन लवकर निवते, तर मुंबईत मे महिन्याच्या रात्रीही किमान तापमान २७ अंशांच्या फारसे खाली उतरत नाही. ऑक्टोबराची गोष्टही फारशी निराळी नाही, कारण पावसाळा सरत असताना समुद्रावरून येणारे वारे मंदावतात, जमिनीवरील वारे वाहू लागतात आणि उन्हाळ्याची दुसरी आवृत्ती सुरू होते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ हाच मुंबई पाहण्याचा खरा काळ होय.

गैरसमज दुसरा : पावसाळी मुंबई म्हणजे मरीन ड्राइव्हवरची रिमझिम

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आणावे लागले, तेथील माणसाला पावसाचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच आहे; तथापि मुंबईच्या पावसाचे प्रमाण ध्यानी घेतल्याखेरीज तेथे जाण्याचे धाडस करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे लातूरला संपूर्ण वर्षभरात सरासरीने जेवढा होतो त्याहूनही अधिक. आणि त्याच दिवशी शहराच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे केवळ सुमारे ७३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात : एक, मुंबईतील पाऊस हा गमतीचा विषय नेहमीच राहत नाही; आणि दुसरी, मुक्कामाच्या ठिकाणी ऊन पडले आहे म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला गाड्या सुरळीत चालू असतीलच असे नाही. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले म्हणजे शहरातील पाण्याला समुद्रात वाट मिळत नाही, आणि सखल भाग जलमय होतात. महानगरपालिका पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी अगोदरच जाहीर करते. जुलैत जाणे अपरिहार्यच असेल तर ती यादी पाहूनच तारीख मुक्रर करावी. ताज्या मासळीच्या आशेने जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते.

गैरसमज तिसरा : समुद्र काय, केव्हाही गेले तरी तोच

ज्यांचा पाण्याशी संबंध गोदावरी-मांजरेच्या पात्रापुरता किंवा विष्णुपुरीच्या जलाशयापुरता आलेला आहे, त्यांची ही समजूत क्षम्य असली तरी सहलीच्या दृष्टीने तीच सर्वांत नुकसानकारक आहे. मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची भरती मोठी, तर अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती लहान असते. या चढउतारामुळे एकच किनारा सकाळी विस्तीर्ण वाळवंट असतो आणि दुपारी अरुंद पट्टी होऊन बसतो.

ही वेळ काढण्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही. आपल्या घराच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका पुरेशी आहे. कोकणकिनाऱ्यावर जुन्या काळापासून चालत आलेला ठोकताळा असा की तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि येईल त्या तासाला भरती पूर्ण झाली असे मानावे. उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, म्हणून दुपारी बाराला समुद्र पुरता ओसरलेला असतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे तीच दुपार भरतीची. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासूनच गणना करावी. हा हिशेब अदमासाचा आहे आणि अर्ध्यापाऊण तासाचा फरक त्यात पडू शकतो, परंतु बेत आखण्यास तो पुष्कळ आहे. वरळीच्या समुद्रातील हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. ज्या कुटुंबाने पौर्णिमेला भर दुपारी तेथे जाण्याचे ठरवले त्याला तासन्‌तास काठावर उभे राहावे लागेल, तर अष्टमीला त्याच वेळी गेलेले कुटुंब कोरड्या पायांनी दर्शन घेऊन परतेल.

सूर्यास्ताच्या बाबतीतही असाच एक हिशेब आहे. नांदेड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर असली तरी मुंबई सुमारे साडेचार रेखांश पश्चिमेला असल्याने तेथे सूर्य नांदेडपेक्षा सुमारे १८ मिनिटे, आणि लातूरपेक्षा सुमारे १५ मिनिटे उशिरा मावळतो. म्हणून घरच्या सवयीने घाई करून गिरगाव चौपाटी सोडू नये.

गैरसमज चौथा : चौपाटी ही पोहण्याची जागा

महानगरातील सांडपाण्याचा मोठा भाग अखेर समुद्रालाच मिळत असल्याने गिरगाव, दादर वा जुहू येथील पाणी स्नानास योग्य मानता येत नाही. शिवाय ओहोटीच्या वेळी पाणी माणसाला आत ओढते, आणि नदीत पोहण्याचा सराव असलेला तरुणच तेथे अधिक फसतो, कारण प्रवाह एका दिशेने वाहतो या अनुभवावर तो विसंबून असतो. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळ्या रंगाचे, फुग्यासारखे दिसणारे विषारी जीव वाहून येतात. ते मेलेले दिसले तरी मुलांना हात लावू देऊ नये. चौपाटीवर फिरावे, बसावे, भेळ खावी. पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ नये, आणि जीवरक्षकाची शिट्टी हा हुकूम समजावा.

गैरसमज पाचवा : दोन दिवसांत सारी मुंबई पाहून होते

मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी नगरी आहे. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर लोहमार्गाने सुमारे ३४ किलोमीटर भरते, म्हणून सकाळी गेटवे ऑफ इंडिया, दुपारी कान्हेरीची लेणी आणि सायंकाळी पुन्हा मरीन ड्राइव्ह असा बेत आखणारा मनुष्य मुंबई न पाहता मुंबईतील गर्दीच पाहून येतो. एका दिवसाला एकच दिशा हा दंडक पाळावा. दक्षिणेच्या दिवशी १८८८ साली पूर्ण झालेली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत, १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही स्थळे पायी फिरण्याच्या अंतरात येतात. उत्तरेच्या दिवशी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील कान्हेरी.

वार न पाहता निघणाऱ्यांची निराशा तर ठरलेलीच असते. घारापुरीची लेणी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि वरळीचे नेहरू तारांगण ही तिन्ही सोमवारी बंद असतात, तर भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या मराठवाड्यातील माणसाला घारापुरीत नवे काय, असा प्रश्न पडेल. परंतु तेथील भव्य त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती वेरूळच्या कैलासाशी ताडून पाहण्याचा आनंद ज्याने दोन्ही पाहिली त्यालाच मिळू शकतो. घारापुरीला नेणाऱ्या लाँचमध्ये बसताच जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, संकोच करू नये.

गैरसमज सहावा : लोकल ही बाहेरगावच्या माणसासाठी नव्हेच

लोकलची धास्ती पूर्णतः निराधार नाही, पण ती घड्याळाच्या काही तासांपुरतीच खरी आहे. सकाळी साडेआठ ते अकरापर्यंत दक्षिणेकडे आणि सायंकाळी साडेपाच ते साडेआठपर्यंत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत कुटुंबासह चढण्याचा प्रयत्न करू नये. दुपारी त्याच गाडीत खिडकीची जागा मिळते, आणि किमान भाडे ५ रुपये आहे. रविवारी दुरुस्तीसाठी ‘मेगाब्लॉक’ घेतला जातो, त्याची सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावी. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर सुरू झाल्याने विमानतळ, सिद्धिविनायक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे एकाच वातानुकूलित मार्गावर आले आहेत. रिक्षांना मात्र वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव आहे. तेथे टॅक्सी किंवा बेस्टची बस हाच पर्याय.

गैरसमज सातवा : तिकिटाचे पाहू, आणि खोलीसाठी चिठ्ठी आहेच

रेल्वेचे आरक्षण चार महिने अगोदर खुले होते ही माहिती आता जुनी झाली. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आलेली आहे, म्हणजे १५ जानेवारीच्या प्रवासाचे आरक्षण १६ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता खुले होईल. नांदेडहून देवगिरी ही रात्रीची गाडी मनमाडमार्गे, तर लातूरची गाडी कुर्डूवाडी-पुणेमार्गे जाते. दिवसाच्या प्रवासासाठी तपोवन आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही जालन्याऐवजी नांदेडहून सुटू लागली आहे. रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत पोहोचतात, आणि सामानासह लोकल बदलण्याची वेळ नेमकी कचेऱ्यांच्या गर्दीशी गाठ घालते. म्हणून मुक्काम कोठे आहे ते पाहून ठाणे वा दादर येथेच उतरण्याची तजवीज करावी.

आमदार निवासातील खोलीच्या भरवशावर निघण्याचा आपल्याकडील रिवाज जुना आहे, परंतु मनोरा आमदार निवासाच्या इमारती धोकादायक ठरून पाडल्या गेल्यापासून तेथील जागेची टंचाई वाढली. शिवाय अधिवेशनाच्या काळात चिठ्ठीला कितपत किंमत राहील हे सांगणे नको. सुटीसाठी जाणाऱ्याने आपली खोली आपल्या पैशाने आगाऊ ठरवावी हेच इज्जतीचे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही लोहमार्गांचा मेळ दादरला असल्याने, समुद्र दिसणाऱ्या महागड्या खोलीपेक्षा दादरच्या परिसरातील साधी, स्वच्छ खोली कुटुंबाच्या अधिक उपयोगाची ठरते.

सारांश असा की मुंबई श्रीमंतांसाठीच आहे ही समजूत सोडून द्यावी. चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि टर्मिनसची ती विलक्षण इमारत बाहेरून पाहण्यास एक छदामही पडत नाही. किंमत मोजावी लागते ती चुकीच्या वेळेची. तेव्हा नांदेड-लातूरच्या वाचकांना विनंती एवढीच की पुढील सहलीचा बेत आखताना मे महिना आणि सोमवार टाळावेत, साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण करावे, आणि घर सोडण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीची पाऊणपट करून एका कागदावर लिहून खिशात ठेवावी.