'आमाले कोन इचारते, माय?'

महिन्यातला एक दिवस बुलडाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातल्या गावोगावच्या अंगणवाड्यांत गर्दी असते. ग्राम आरोग्य व पोषण दिन. नर्सबाई उपकेंद्रातून लशींचा डबा घेऊन येतात, अंगणवाडीताई वजनकाटा टांगतात, आशाताई घरोघर निरोप देत फिरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत अशाच एका गावात मी सकाळभर बसले होते. गरोदर बायकांची तपासणी झाली, लेकरांची रडारड आटोपली. चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई मात्र उंबऱ्याशी बसून होती. सगळ्या जाईपर्यंत ती हलली नाही. मग आशाताईंच्या जवळ सरकून, पदर तोंडावर धरून हळू आवाजात म्हणाली, अंगावर पांढरं जातं. दोन-तीन वर्षं झाली. कंबर धरते, वेचणीला वाकवत नाही.

आशाताईंनी रजिस्टर उघडलं. त्या बाईच्या नावापुढे बरोबरची खूण होती: कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. दोन लेकरांवर, तेविसाव्या वर्षी. त्या पानावर तिच्यासाठी पुढे काहीच विचारायचं नव्हतं. 'इतके दिवस सांगितलं का नाही, वैनी?' आशाताईंनी विचारलं. ती म्हणाली, 'आमाले कोन इचारते, माय?'

आशाताईंनी पेन घेतलं आणि पानाच्या समासात, आडवं, तिचं दुखणं लिहून ठेवलं.

हा समास मला महत्त्वाचा वाटतो. जगाच्या विकासाच्या ध्येयांमध्ये 'प्रजनन आरोग्य' हा शब्द आला, तो अशाच समासातून आला. त्यातला एक मोठा टप्पा आपल्या विदर्भातला आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. गावातल्या बायका बोलू लागल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की, दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेल्या स्त्रियांचे आकडे पुस्तकांत आहेत, पण दारापर्यंत कधीच न आलेल्या स्त्रियांचं काय, याचं उत्तर कुठेच नाही. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी अभ्यास केला. ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. आजारी असोत वा नसोत, गावातल्या सगळ्या स्त्रियांना बोलावलं होतं. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार. आणि आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

हे आकडे वाचताना मी दर वेळी त्या ८ टक्क्यांपाशी अडते. आजार असणं एक वेळ समजू शकतं. पण शंभरातल्या ब्याण्णव जणींना कधी कुणी तपासलंच नव्हतं, आणि त्याच काळात सरकारी यंत्रणा याच बायकांच्या दारात वर्षानुवर्षं येत होती. ती यायची ऑपरेशनसाठी. गर्भाशय सरकारच्या हिशेबात होतं, त्याचं दुखणं हिशेबात नव्हतं.

हिशेब किती कठोर होता, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आणीबाणीत, १९७६ साली, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच विधानसभेनं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणी संपली, पुरुष या मोहिमेतून जवळजवळ बाहेर पडले आणि सगळा भार बायकांवर आला. तो आजही तिथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रिया शस्त्रक्रिया झालेल्या आहेत.

अशा मोजणीला जगभरातल्या स्त्रियांनी हरकत घेतली ती १९९४ मध्ये, कैरोला. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेला १७९ देश आले होते. त्याआधीच्या परिषदांमध्ये बोलणारे मुख्यतः सरकारी अधिकारी आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ असत. कैरोला एक हजाराहून अधिक स्वयंसेवी संस्था दाखल झाल्या. त्यासाठी त्यांनी आधी घरचा अभ्यास केला होता: त्याच वर्षी जानेवारीत रिओमध्ये अनेक देशांतल्या स्त्री कार्यकर्त्या जमल्या, आपापसांतले मतभेद मिटवले, मागण्या लिहून काढल्या. काही देशांच्या शिष्टमंडळांतही या चळवळीतल्या स्त्रिया बसल्या. त्यामुळे मसुद्याच्या एकेका शब्दावर वाद होत असताना त्या सभागृहाबाहेर फलक धरून उभ्या नव्हत्या, टेबलाशी होत्या. व्हॅटिकनचा आणि काही देशांचा विरोध असूनही कृती आराखड्याचं सातवं प्रकरण प्रजनन हक्क आणि प्रजनन आरोग्य यांवर लिहिलं गेलं. लोकसंख्येचे आकडे गाठायचे म्हणून बाईच्या शरीरावर सक्ती करायची नाही, हे जगातल्या सरकारांनी पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मान्य केलं. गडचिरोलीचा अभ्यास तोवर जगभर पोचला होता. कुटुंबनियोजन म्हणजे स्त्री-आरोग्य नव्हे, असं म्हणणाऱ्यांच्या हातात तो भक्कम पुरावा होता.

कैरोनंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९९६ मध्ये, भारत सरकारनं गर्भनिरोधनाची वरून ठरवून दिलेली उद्दिष्टं देशभर रद्द केली. कागदावरून उद्दिष्ट गेलं तरी ऑपरेशनच्या शिबिरांमधली घाई आणि हेळसांड थांबली नाही. आरोग्य हक्क कार्यकर्त्या देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ही शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो थेट २०१६ मध्ये.

कैरोत मिळालेलं टिकवणंही सोपं नव्हतं. २००० साली संयुक्त राष्ट्रांची सहस्रक विकास ध्येयं आली, एकूण आठ. ती मोजक्या तज्ज्ञांनी बंद खोलीत तयार केली आणि त्यांत मातामृत्यू राहिला, प्रजनन आरोग्य गळालं. ते परत आणायला स्त्री संघटनांना सात वर्षं झगडावं लागलं. २००७ मध्ये पाचव्या ध्येयाखाली ते जोडलं गेलं. त्या धड्यामुळे २०१३-१४ मध्ये पुढची ध्येयं ठरवणारा कार्यगट बसला तेव्हा स्त्री संघटना त्याच्या बैठकांना हजर राहिल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येयं आणि १६९ लक्ष्यं मंजूर झाली. प्रजनन आरोग्य त्यांत दोन ठिकाणी आहे, आरोग्याच्या तिसऱ्या ध्येयात आणि स्त्री-पुरुष समानतेच्या पाचव्या ध्येयात.

या पाचव्या ध्येयातला एक निर्देशांक मला सगळ्यांत धीट वाटतो. तो विचारतो: शरीरसंबंधाला नाही म्हणायचं, गर्भनिरोधक वापरायचं, स्वतःच्या तपासणीला जायचं, हे तिन्ही निर्णय बाई स्वतः घेते का? तिन्हींचं उत्तर हो असेल तरच ती मोजली जाते. नांदुऱ्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या दहा बायकांना हे विचारून पाहावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'घरी विचारावं लागते' असंच येईल.

महाराष्ट्राचे आकडे पाहिले तर आपण पुढे आहोत असं वाटतं. मातामृत्यूचं प्रमाण २०३० पर्यंत एक लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आणायचं, असं जगाचं लक्ष्य आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्र ३३ वर होता. जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता. यात आशाताई, नर्सबाई, १०८ ची गाडी या सगळ्यांचे कष्ट आहेत आणि ते मनापासून मानले पाहिजेत. पण त्याच राज्यात बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जात होत्या. स्त्री संघटनांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवल्यावर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. उद्दिष्टांच्या तक्त्यात यांतली एकही बाई दिसत नव्हती.

आणि आपला बुलडाणा? जिजाऊंचं माहेर, 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, तोही मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या मोहिमेमुळे. त्या कायद्याच्या राज्यात आपल्या जिल्ह्यानं दहा वर्षांत हजारामागे त्रेपन्न मुली गमावल्या. हे लिहिताना हात थांबतो.

नागरी समाज म्हटलं की डोळ्यांसमोर न्यू यॉर्कमधली संयुक्त राष्ट्रांची बैठक येते. पण पुण्याच्या 'साथी' संस्थेच्या समन्वयानं २००७ पासून राज्यातल्या काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल रंग दिला आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारला. आता तर शाश्वत विकास ध्येयांचे नऊ विषय करून ग्रामपंचायतीच्या आराखड्यातच आणले आहेत. 'आरोग्यदायी गाव' आणि 'महिला स्नेही गाव' हे त्यांतले दोन. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. गाव आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांचा खुला निधी ठरलेला आहे. कैरोच्या टेबलाशी जागा मिळवायला जगातल्या बायकांना कितीतरी वर्षं लागली. नांदुऱ्याच्या बाईची जागा तिच्याच गावच्या पंचायतीत आहे.

त्या अंगणवाडीतल्या वैनींना आशाताईंनी नांदुऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः नेलं. औषध मिळालं, बरंही वाटलं. पुढच्या महिला सभेत बचत गटाच्या पंधरा-वीस जणी आल्या होत्या. उपकेंद्रात तपासणीच्या टेबलाला पडदा हवा आणि महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायला हव्यात, असं ठरलं. ग्रामसेवक इतिवृत्त लिहीत होते. कारणाच्या जागी त्यांचं पेन थांबलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, 'महिलांच्या समस्या, असं लिहू का?'

मागच्या रांगेतून वैनी म्हणाल्या, 'अंगावर पांढरं जाते, तेच लिवा.'

त्यांनी तेच लिहिलं.