परदेशातील निवृत्ती : खर्च, सुरक्षितता आणि परतीची वाट

निवृत्तीनंतर परदेशी वास्तव्य करण्याचा विचार आता केवळ धनिकांपुरता उरलेला नाही. मुले परदेशात स्थिरावली आहेत, हाती निवृत्तिवेतन व आयुष्याची बचत आहे, अशा अनेक घरांत हा विषय निघतो. त्या वेळी बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : तेथे राहणे स्वस्त आहे का, आणि सुरक्षित आहे का? प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्यांची उत्तरे आजची असतात, आणि निवृत्तीचा काळ वीस-पंचवीस वर्षांचा असतो.

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर हे याचे बोलके उदाहरण. २००० साली या देशाने अमेरिकी डॉलर हेच आपले चलन म्हणून स्वीकारले. समशीतोष्ण हवा आणि माफक खर्च यांमुळे अँडीज पर्वतातील कुएंका शहरात अनेक अमेरिकी निवृत्तांनी घरे केली. पुढे कोलंबिया व पेरू या शेजारी देशांतील कोकेनच्या वाहतुकीवरून टोळ्यांचा संघर्ष पेटला. २०१८ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ६ असलेले हत्यांचे प्रमाण २०२३ मध्ये ४० च्या वर गेले. जानेवारी २०२४ मध्ये ग्वायाकिल येथील दूरचित्रवाणी केंद्रात सशस्त्र टोळी शिरली आणि राष्ट्राध्यक्षांनी देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष असल्याचे जाहीर केले. सुरक्षेवरील खर्च भागवण्यासाठी त्याच वर्षी मूल्यवर्धित कर १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आला. म्हणजे गुन्हेगारीचा भार अखेर किराण्याच्या बिलातही उतरला. कुएंका किनारपट्टीच्या तुलनेने शांत राहिले, हेही ध्यानात घ्यावे. देशाच्या सरासरीपेक्षा शहराची व वस्तीची चौकशी अधिक उपयोगी पडते.

पोर्तुगालची कथा निराळी. हा देश आजही सुरक्षित मानला जातो. परंतु परकीय पैशाचा ओघ, पर्यटन आणि घरांची टंचाई यांमुळे लिस्बनमधील भाडी स्थानिकांच्याही आवाक्याबाहेर गेली. परदेशी निवृत्तिवेतनावर एकेकाळी असलेली करमाफी २०२० मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी १० टक्के करात बदलली आणि २०२४ पासून ती योजनाच नव्या अर्जदारांना बंद झाली. सवलत हा हक्क नव्हे. ती देणारे सरकार ती काढूनही घेऊ शकते.

भारतीय निवृत्ताच्या हिशेबात आणखी एक बाब येते, ती रुपयाची. २०१४ मध्ये डॉलर सुमारे ६० रुपयांना मिळे. २०२४ च्या आरंभी त्यास सुमारे ८३ रुपये पडत. दरमहा १ लाख रुपयांचे पूर्वी सुमारे १,६६७ डॉलर होत, ते १,२०५ वर आले. निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता भारतातील किंमत निर्देशांकाशी जोडलेला असतो. लिस्बन वा बँकॉकच्या बाजारभावाशी त्याचा संबंध नसतो. थायलंडसारख्या देशात ५० वर्षांवरील व्यक्तीस निवृत्ती व्हिसा मिळतो. पण त्याच्या एका प्रचलित पर्यायात ८ लाख बाट तेथील बँकेत ठेवावे लागतात. ही रक्कम घरखर्चाला उपलब्ध नाही, असेच धरून चालावे. शिवाय अनिवासी झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही आणि भारतातील आरोग्य विमा परदेशातील उपचारांना बहुधा लागू पडत नाही.

म्हणून अंदाजपत्रक आजच्या भावाने न मांडता, रुपया आणखी एक चतुर्थांश घसरला व भाडे दीडपट झाले तर काय, असे मांडावे. प्रथम वर्षभर भाड्याने राहावे. घर घेण्याची घाई करू नये. वस्तीत संध्याकाळनंतर वृद्ध माणसे पायी फिरतात का, औषधाचे दुकान व रुग्णालय किती अंतरावर आहे, शाकाहारी शिधा कोणत्या भावाने मिळतो, हे स्वतः पाहावे. पती-पत्नींपैकी एक मागे राहिल्यास त्या व्यक्तीला तेथील भाषेत पोलिसांशी व डॉक्टरांशी बोलता येईल का, याचाही विचार आधीच व्हावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतातील राहते घर विकून जाऊ नये. ते राखले, तर परदेशातील वास्तव्य ही निवड राहते. ते विकले, की खर्च वा भय वाढल्यावरही तेथेच राहणे भाग पडते. आणि पंचाहत्तरीत नव्याने घर मांडण्याचे बळ फार थोड्यांपाशी असते.