मधाची परीक्षा अंगठ्यावर होत नाही

नेसरीच्या शिवारात ऊस, आणि पश्चिमेला आजरा-चंदगडकडे डोंगर सुरू झाला की जांभूळ, हिरडा, काजू. ‘डोंगरातला मध’ म्हणून इथे बाटली हातात आली की घरोघरी ठरलेल्या परीक्षा सुरू होतात. पाण्यात थेंब टाकायचा, मधात बुडवलेली वात पेटवायची, अंगठ्यावरचा थेंब ओघळतो का बघायचे.

या परीक्षांवर विसंबू नका. त्यातून कळतो तो फार तर मधाचा दाटपणा. गुळाचे पातळ पाणी मिसळले असेल तर ते पकडले जाईल. कारखान्यातला दाट पाक मात्र मधासारखाच तळाला बसतो. उलट सातेरी माशीचा अस्सल मध बहुधा पातळ असतो आणि नाहक नापास होतो. थंडीत मधाचे खडे झाले म्हणून बाटली टाकून देणारेही आहेत. मधातले ग्लुकोज गोठते, एवढाच त्याचा अर्थ. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो.

खरी तपासणी पाण्याच्या प्रमाणापासून सुरू होते. मकरंदात बहुतांश पाणीच असते. माश्या पंखांनी वारा घालून ते आटवतात आणि मध पक्व झाला की कप्प्याचे तोंड मेणाने बंद करतात. त्याआधीच मध काढला तर तो आंबतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मधात पाणी 20 टक्क्यांहून जास्त चालत नाही. हे मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हातात मावतो. काचेवर एक थेंब ठेवायचा, वरची झडप दाबायची आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात, तो आकडा वाचायचा.

दुसरी खूण एचएमएफ या घटकाची. ताज्या मधात तो नगण्य असतो. मध तापवला किंवा जुना झाला की वाढतो. त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेत मधाचा ईथरमधला अर्क काढून त्यावर रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. टिकून राहणारा लालभडक रंग आला, तर मध फार तापवलेला आहे किंवा त्यात आम्लाने फोडलेल्या साखरेचा पाक आहे, असा संशय घेतात.

उसाची साखर पकडणे आता सोपे आहे. ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात, म्हणून त्यांच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण फुलांच्या मकरंदापेक्षा जास्त असते. अशी साखर 7 टक्क्यांपर्यंतच चालते. भेसळ करणारे मग तांदूळ आणि बीटच्या पाकाकडे वळले, कारण या पिकांचा कार्बन मकरंदासारखाच असतो. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँडचे 22 नमुने तपासून घेतले. जर्मनीतल्या एनएमआर चाचणीसह सगळ्या तपासण्या मिळून 77 टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे संस्थेने जाहीर केले. बड्या कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. पण साध्या चाचण्या पुरेशा नाहीत, हे त्यातून देशाला कळले.

सूक्ष्मदर्शकाखाली परागकण पाहिले तर मध कोणत्या फुलोऱ्याचा, हेही सांगता येते. जांभळाच्या नावाने विकलेल्या मधात जांभळाचे पराग दिसायलाच हवेत. आपल्या डोंगरातल्या मधाची खरी ताकद इथे आहे. मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. पुढे भुदरगड तालुक्यातले पाटगाव त्याच वाटेवर आले. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरात आहे, तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. म्हणजे जाणकारीसाठी लांब जावे लागत नाही.

म्हणून मधपाळांनी मेणबंद पोळ्यातलाच मध काढावा, गावागावांत गटाने एक रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि प्रत्येक खेपेचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. ग्राहकांनी अंगठ्यावर थेंब घेण्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत : मध कोणत्या माशीचा, कोणत्या फुलोऱ्याचा, कधी काढला आणि तपासणीचा अहवाल कुठे आहे? ज्याच्याकडे उत्तरे आहेत त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. सचोटीने मध काढणारा टिकला, तरच शुद्ध मध मिळत राहील.