ज्वालामुखींचे दोन स्वभाव

रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांपासून पूजासाहित्यापर्यंत हवे ते मिळते. तेथे खरेदीस आलेली मराठी गृहिणी कढीसाठी पातेले निवडते आणि पिठल्यासाठी जाड बुडाची कढई. कढी उकळू लागली की बुडबुडे वर येतात, फुटतात आणि वाफ निमूटपणे निघून जाते. पिठले मात्र रटरटते. त्याच्या घट्टपणात कोंडलेली वाफ सुटते तेव्हा चटका देणारे शिंतोडे हातावर उडतात. एक ज्वालामुखी संथपणे वाहतो आणि दुसरा स्फोटाने पर्वताचे शिखर उडवून देतो, याचे मुख्य कारण याच भेदात आहे.

रायपूरच्या परिसरातील खडक मुख्यतः चुनखडीचा. तो प्राचीन समुद्राच्या तळाशी साचला. त्याचा ज्वालामुखीशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु पूर्वेस सरायपालीच्या बाजूला, सिंघोडा भागात, याच छत्तीसगड खोऱ्याच्या जुन्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचे खडक आहेत. पश्चिमेस नागपूरकडे जाणारी रेल्वे डोंगरगड ओलांडून सालेकशाच्या परिसरात येते, तेथे रायोलाइट नावाचा अतिप्राचीन ज्वालामुखीय खडक आढळतो. आणि नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे. तेथून सह्याद्रीपर्यंत या काळ्या पाषाणाचेच राज्य. अशा रीतीने शीघ्रकोपी आणि शांत अशा दोन्ही स्वभावांच्या अग्नीच्या खुणा गोल बाजारापासून दूर नाहीत.

हा अग्नी येतो कोठून? पृथ्वीच्या पोटात सर्वत्र वितळलेला रस भरलेला आहे, ही समजूत बरोबर नाही. भूकवचाखालचे प्रावरण अत्यंत तप्त असले तरी वरच्या प्रचंड दाबामुळे ते बहुतांशी घनच असते. ते वितळण्यास काही निमित्त लागते. तप्त खडक हळूहळू वर सरकला की त्यावरील दाब घटतो आणि त्याचा काही अंश वितळतो. समुद्रतळाचा पट्टा दुसऱ्या भूपट्टाखाली शिरला, तर त्याच्याबरोबर गेलेले पाणी प्रावरणात मिसळते आणि खडकाचा वितळणबिंदू उतरतो. तसेच वर आलेल्या शिलारसाच्या उष्णतेने भूकवचाचा खडकही वितळू शकतो. झालेला शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो.

शिलारसाचा घट्टपणा मुख्यतः त्यातील सिलिकेवर आणि उष्णतेवर अवलंबून असतो. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे 50 टक्के, आणि त्याचा रस 1100 ते 1200 अंश सेल्सिअस इतका तप्त. म्हणून तो पातळ वाहतो. रायोलाइटमध्ये सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक, उष्णता कमी. म्हणून त्याचा रस अतिशय चिकट. खोलवर दाबाखाली रसात पाण्याची वाफ व अन्य वायू विरघळलेले असतात. रस वर येताच त्यांचे बुडबुडे होतात. पातळ रसातून ते सहज सुटतात. घट्ट रसात ते अडकतात, फुगतात आणि अखेर त्या रसाच्याच चिंधड्या करून राखेचा लोट आकाशात उधळतात. रस पातळ असला तरी वाटेत समुद्राचे किंवा जमिनीतील पाणी लागले, तर त्याची एकाएकी वाफ होऊन स्फोट होतोच.

ज्वालामुखींची रूपेही यातूनच ठरतात. पातळ रस दूरवर पसरून हवाईतील मौना लोआसारखा पालथ्या ढालीच्या आकाराचा पर्वत घडवितो. राख आणि लाव्हा यांचे थर एकावर एक चढले की जपानच्या फुजीसारखा उभ्या चढणीचा शंकू तयार होतो. आणि पर्वत न उभारता जमिनीच्या लांबच लांब भेगांतूनच पातळ रस लोटला, की पठार बनते. आपले दख्खन असेच घडले. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे पूर एकामागून एक आले. त्यांचे अवशेष आजही सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे याच थरांच्या कडा होत. वेरूळचे कैलास लेणे त्याच दगडात कोरले आहे.

हा भेद जाणणे केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. 8 मे 1902 रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर पेले पर्वतातून तप्त वायू व राख यांचा लोंढा सुटला आणि सें प्येर नगरातील सुमारे 28,000 माणसे काही मिनिटांत मृत्युमुखी पडली. अशा लोंढ्यापुढे पळणे व्यर्थ. आधीच दूर जाणे हाच उपाय. 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो जागा झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी भूकंपाचे धक्के आणि वायूंचे प्रमाण पाहून वेळीच इशारा दिला. लोकांना हलविले गेले आणि हजारोंचे प्राण वाचले. शांत उद्रेकही निरुपद्रवी नसतो. 1783 मध्ये आइसलंडमधील लाकीच्या भेगांतून लाव्ह्याबरोबर विषारी वायू निघाले. गुरे मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशाची सुमारे एक पंचमांश प्रजा नष्ट झाली.

भारतात आज जागृत असलेला एकमेव ज्वालामुखी म्हणजे अंदमान समुद्रातील बॅरन बेट. तेथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील पट्टाखाली शिरतो. दीडशेहून अधिक वर्षांच्या मौनानंतर 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला. त्याच्यावर मनुष्यवस्ती नाही, हे सुदैव.

ज्वालामुखी या शब्दाने डोळ्यांपुढे ज्वाळा उभ्या राहतात. परंतु माणसाचा घात बहुधा राख, वायू आणि चिखलाचे लोंढे करतात. म्हणून पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्याने त्याच्या ज्वाळांपेक्षा त्याचा स्वभाव आधी ओळखावा. तो स्वभाव जुन्या खडकांत लिहिलेला असतो. सालेकशाचा रायोलाइट आणि सीताबर्डीचा काळा पाषाण हे त्याच लिपीचे दोन पाठ आहेत.